जोडा ओला आहे तोवर

१

रोज संध्याकाळी कामावरून आले की जिना चढायच्या आधी मी खालचा गाळा उघडते. कुलूप गंजलंय, किल्ली एकदा उलटी फिरवून मग सुलटी फिरवली तरच लागते. आत जायचं, खिडकी ढकलायची, नळाखाली फडकं ओलं करायचं, पिळायचं आणि एक काम उरकायचं. ते काय ते मी पुढे सांगते. आत्ताच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलंय, चार दिवस सुट्टी घे म्हणावं. सुट्टी मला कोण देतंय? कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, तागे उलगडायचे, गिऱ्हाईक "जरा बघून येते हं" म्हणून गेलं की परत गुंडाळायचे. आम्हाला स्टूल नाही. मालकाचं म्हणणं, बसलेली बाई दिसली की दुकान चालत नाही असं वाटतं. त्याला स्वतःला गादी आहे, ती गोष्ट वेगळी.

तर गाळा. तो माझ्या आजोबांचा, आईच्या वडिलांचा. ते जोडे शिवायचे. समोरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांचे फर्मे. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. ज्याचे जोडे करायचे त्याच्या पायाबरहुकूम कोरलेला. त्यावर ओलं कातडं ताणून बसवायचं, खालून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या आणि वाळू द्यायचं. वाळलं की कातडं त्या पायाचा आकार धरतं. मगच जोडा उतरवायचा. ओला असताना उतरवला तर सगळं काम फुकट, बोळा होतो त्याचा.

सगळ्या फर्म्यांची बोटं बाहेर, खोलीकडे. गिऱ्हाईक मेलं की आजोबा त्याची जोडी फिरवून ठेवायचे, बोटं भिंतीकडे आणि टाचा बाहेर. त्या माणसाचं काम संपलं. फर्मा फेकायचे नाहीत, आणि एकदा फिरवलेला परत कधी फिरवायचे नाहीत.

आजोबा थंडी संपता संपता गेले. आदल्या दिवशीपर्यंत कातड्याला भोकं पाडायची आरी हातात होती. त्यांना पोचवून आल्यावर मामा, म्हणजे त्यांचा मुलगा, आम्हा सगळ्यांच्या देखत गाळ्यात शिरला. आजोबांच्या बैठकीच्या वरच्या फळीवरची जोडी त्याने उचलली आणि टाचा बाहेर करून ठेवली. "झालं बरं का बाबा, तुमचं काम झालं," म्हणाला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. आम्हीही रडलो. ती जोडी कुणी निरखून बघितली नाही.

पुढे गाळा बंद राहिला तर कातड्याला बुरशी येईल म्हणून मी रोज हवा द्यायला उघडू लागले. फर्म्यांवरची धूळ पुसायची, खाली वाकून झाडायचं, कुलूप. ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. पुसता पुसता माझा स्वतःचा फर्मा हातात आला. डाव्या पायाला, अंगठ्याच्या बुडाशी, कातड्याचा एक तुकडा चिकटवलेला दिसला. कडा रापीच्या पात्याने तासून इतक्या पातळ केलेल्या की बोट फिरवलं तरी कुठे सुरू झाला कळू नये. हे काम आजोबांशिवाय कुणाचं नाही.

मी नख लावून बघितलं. खळ ओली होती.

आणि माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाचं हाड दुखायला लागून आठवडाही झाला नव्हता. मी कुणाजवळ बोलले नव्हते. कुणाला सांगणार? आईला तिचेच पाय पुरे झाले होते.

२

हे तुकड्याचं प्रकरण समजायला आजोबा समजायला हवेत.

तरुणपणी ते एका कारखान्यात बुटांना तळवे ठोकायचे. दिवसभर एकाच मापाचे. एक दिवस मुकादमाला म्हणाले, "माणसं काय साच्यातून पडतात?" आणि हातोडी ठेवून निघून आले. मग हा गाळा घेतला, वरच्या दोन खोल्या चढवल्या, आजीला आणलं. आई आणि मामा इथेच वाढले. माझे वडील लवकर गेले तेव्हा आई मला कडेवर घेऊन इथेच परत आली, आणि माझा नवरा मला पटेनासा झाला तेव्हा मीही इथेच आले. नवरा होता तेवढा पुरे झाला. आजोबांनी दोघींनाही काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "वरची खोली झाडून घ्या."

जन्मभर त्या बुटक्या तिवईवर वाकून बसले. शेवटी शेवटी पाठ सरळच होईना, झोपायचे तेही कुशीवर, बसल्यासारखे मुडपून. गेल्यावर मामाने आणि मी ती पाठ सरळ करायचा प्रयत्न केला. झाली नाही. तसंच नेलं त्यांना. 

माणसाचा पाय बदलतो. हाड वाढतं, कुरूप होतं, सूज येते. म्हणून काही फर्मा नवा कोरत नाहीत, त्या जागी कातड्याचा तुकडा चिकटवून तेवढा उंचवटा करतात. आजोबांना गिऱ्हाइकाचं पाऊल रस्त्यावर वाजलं तरी कळायचं, कुणाचं काय दुखतंय. चालण्यावरून त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. आईच्या पायाला भिंगरी, म्हणून ती वावटळ. मामा फताड्या. मी लहानपणापासून पाय ओढत चालते म्हणून मी फरफटी.

पाय बघायची त्यांची रीत होती. ते मान वर करायचे नाहीत. उजव्या हातात काम चालू, आणि डावा हात बाजूला, तळवा वर करून पुढे धरायचे. म्हणायचे, "पाय दे." आपण चप्पल काढून त्या तळहातावर पाय ठेवायचा. जरा वेळ धरायचे, भाजीवाली दुधी तोलून बघते तसे, आणि सोडून द्यायचे. झालं माप. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, मला इथे चावत नाही, तिथे चावतं. तर म्हणायचे, "पाय खोटं बोलतो. सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरं. फर्मा खोटं बोलत नाही." त्यांचं सगळं काम फर्म्याशी. फर्मा सांगेल ते खरं.

आणि कुणाला ताटकळत ठेवायचे नाहीत. जोडा वाळला, मेण घासून झालं की आपण होऊन गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन द्यायचे. "ज्याचं त्याला पोचलं पाहिजे," एवढंच.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी तिचा फर्मा खाली काढला. मऊ कातड्याचा, टाच नसलेला जोडा करायला घेतला. आई भडकली. "हिला उठता येत नाही आणि तुम्ही जोडे कसले करताय? कुठे जायचंय तिला?" आजोबा कातडं कापत राहिले. जोडा वाळला त्या दिवशी वर घेऊन आले आणि आजीच्या पायांत घातला. अगदी चपखल बसला. आजी हसली. दिवेलागणीच्या आत गेली. आजोबा खाली गेले, तिची जोडी भिंतीकडे फिरवली आणि दुसरं काम हातात घेतलं.

आई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मग आम्ही सगळ्यांनी मनाची समजूत घातली की त्यांना आजीच्या पायावरून आधीच कळलं असेल, म्हणून केला जोडा. आधी काय आणि नंतर काय, जाणं की जोडा, हे आमच्यात कुणी बोलून दाखवलं नाही.

३

तर तो ओला तुकडा. मी मामाला फोन लावला.

"मामा, तू गाळ्यात आला होतास का रे?"

"मी? मी तिकडे आलो की तुझी आई मला दळण आणायला पाठवते. नाही बाई."

"माझ्या फर्म्याला तुकडा लावलाय कुणीतरी."

"बाबांनीच लावला असेल जायच्या आधी."

"खळ ओली आहे अजून."

"अगं, दमट हवेत खळ वाळत नाही. आमच्या न्हाणीघरांच्या नळांचा सगळा धंदा दमटपणावर चाललाय, मला विचार." मामा नळ आणि तोट्या विकतो, आणि त्याच्या सगळ्या गोष्टी शेवटी नळावर येतात. "तू उभी राहून राहून दमलीस. गाळा मोकळा करून टाकू, तुलाही सुटका."

त्याचं म्हणणं मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. आजोबांना माझी चाल कळत होती, हाड दुखायच्या आधी त्यांनी ओळखलं असेल. खळीचं काय, नसेल वाळली. दमलेल्या माणसाला पटकन पटतं. एकदा पटलं की वर जाऊन भाजी टाकता येते.

वर आई खिडकीशी पाय लांब करून बसली होती. आजोबा गेल्यापासून तिचे पाय सुजत होते. सूज चढत चालली होती आणि पाय गार पडत होते, भर उन्हाळ्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय थकलंय, गोळ्या घ्या, मीठ कमी करा. बाहेर आल्यावर मला एकटीला म्हणाल्या, "फार आशा ठेवू नका." जी बाई एका दमात बाजार करून यायची तिला संडासापर्यंत मी धरून नेत होते. माझं आईशिवाय कुणी नाही. मामाला संसार आहे, मला आई आहे. रात्री तिचा श्वास ऐकत पडायचं आणि सकाळी तागे उलगडायला जायचं, असं चाललं होतं.

"खाली काय खुडबुडत होतीस?" आईने विचारलं.

"धूळ पुसत होते."

"दुपारी बाबा ठोकत असतात ना, तेव्हा नको जाऊस मध्ये. त्यांना आवडत नाही."

मी भाजी ढवळत होते ती ढवळतच राहिले. "कोण ठोकतं?"

"बाबा गं. तू कामाला गेलीस की ऊन चढल्यावर सुरू करतात. मला सोबत होते तेवढीच." आईचं डोकं शाबूत आहे, हे मी आधीच सांगते. गोळ्यांची नावं मला येत नाहीत, तिला पाठ आहेत. माझ्या तोंडाकडे बघून ती हसली. "गेलेत ते मला माहीत आहे. ऐकू येतं ते सांगितलं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

४

नंतर एक दिवस भर दुपारी आमच्या बाजारातली वीज गेली. अंधारात कापडाचा रंग कसा दाखवणार? मालकाने तोंड वाकडं करून सोडलं. ऊन इतकं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाळ्यापाशी आले आणि ऐकलं.

कातडं ठोकायचा आवाज मी जन्मभर ऐकलाय. हातोडी लोखंडावर वाजते तशी नाही वाजत, दबका येतो आवाज. तीन ठोके, मग थांबून कातडं फिरवायचं, परत तीन. आजोबांचा तिसरा ठोका नेहमी हलका असायचा. तोच. आतून.

कुलूप बाहेरून लावलेलं होतं. मी किल्ली फिरवेपर्यंत आवाज थांबला. दार ढकललं. आत कुणी नव्हतं, हे सांगायला नको. मला बरंच वाटलं. लगेच मनात आलं, शेजारी सुतारकाम चाललं असेल, आवाज भिंतीतून येतो. तेवढ्यात घमेलं दिसलं.

आजोबा कातडं वापरायच्या आधी घमेल्यात भिजत घालायचे. ते गेल्यावर मीच ते घमेलं घासून कोपऱ्यात पालथं घातलं होतं. आता ते तिवईशेजारी सुलटं होतं, पाण्याने भरलेलं, आणि तळाशी कातड्याचा तुकडा. कातडं पाण्यात टाकलं की त्यातून बारीक बुडबुडे येतात. पाणी पिऊन झालं की थांबतात. जास्त वेळ येत नाहीत ते, चहा उकळेपर्यंत फार तर.

बुडबुडे येत होते.

मी खाली बसून ते बघत राहिले. ओरडावं, पळावं, असं काही झालं नाही. एवढंच वाटलं की आता हे पण का माझ्याच डोक्यावर? शेवटचा बुडबुडा वर आला, फुटला, आणि पाणी शांत झालं. मग मी मान वर केली.

ठोकायच्या पाटावर फर्म्यांची जोडी होती. मामाने फिरवलेली ती. वरच्या फळीवरची तिची जागा रिकामी, धुळीत टाचांच्या खुणा. डाव्या फर्म्यावर कातडं ताणून बसवलेलं होतं. मऊ, तपकिरी, चुका एका ओळीत. उजवा अजून उघडा होता.

आणि खरं सांगू? मला भरून आलं. जन्मभर दुसऱ्यांचे जोडे शिवले. स्वतः मात्र गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले जुने जोडे पायात घालून फिरायचे, एक तांबडा, एक काळा. आता गेल्यावर तरी स्वतःसाठी करतायत. करू देत. मी काहीही न हलवता दार ओढून घेतलं.

५

संध्याकाळी आईचे पाय चोळायला बसले. डाव्या घोट्याच्या पुढे सूज जास्त, हाताखाली भाकरीसारखी फुगलेली. चोळता चोळता माझा अंगठा त्या उंचवट्यावरून गेला आणि थांबला. हा उंचवटा मी आजच बघितला होता. लाकडाच्या पायावर, कातड्याखाली.

आजोबांचे पाय शेवटी काटक्यांसारखे झाले होते. त्यांना सूज कुठून येणार?

"आई, तुझ्या करंगळीला काय झालं होतं गं?"

"ही? लहानपणी बाबांची ऐरण पडली पायावर. तेव्हापासून अशी शेजारणीच्या खाली दडून बसलीय. का?"

मी खाली गेले. जिना कसा उतरले आठवत नाही. दिवा लावला, जोडी उचलली. आई आणि आजोबा यांचा पाय एकच, लांब दुसरं बोट, अरुंद टाच. "माझाच पाय घेऊन जन्माला आली कार्टी," असं आजोबा म्हणायचे. पण डाव्या फर्म्यावर, कातड्यावरूनही कळत होतं, करंगळी शेजारच्या बोटाखाली वळलेली होती.

मामाने आजोबांचा म्हणून आईचा फर्मा भिंतीकडे फिरवला होता.

आणि आजोबा फर्म्याचं ऐकायचे, पायाचं नाही. वर आई खोलीत चालत होती, पण फळीवर तिच्या टाचा बाहेर होत्या. फर्मा सांगत होता, हिचं काम संपलं. मग हिचा जोडा राहिलाच कसा? तो करायला हवा.

मी पक्कड घेतली आणि चुका उपटायला लागले. आजोबांनी ठोकलेली चूक सहजासहजी निघत नाही. नखं तुटली, बोट कापलं, रडत होते, शिव्या देत होते, कुणाला ते मलाच ठाऊक नाही. कातडं सोलून काढलं आणि कोपऱ्यात फेकलं. सुजेचा तो तुकडा खरवडला. मग जोडी फळीवर ठेवली, बोटं बाहेर. फिरवलेला फर्मा परत फिरवायचा नसतो. फिरवला मी.

आता आजोबांचा खरा फर्मा शोधून तो भिंतीकडे केला की झालं. सगळ्या फळ्या शोधल्या. प्रत्येक फर्मा उचलून बघितला. मग वर गेले.

"बाबांचा फर्मा?" आई म्हणाली. "त्यांनी स्वतःचा कधी केलाच नाही. चालायला त्यांना वेळ कुठे होता? बसूनच तर जन्म गेला."

मी मामाला फोन करून सांगितलं. त्याने मला सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मला काय ठाऊक, दोघांचे पाय सारखेच दिसायचे." नळाचं नाव काढलं नाही त्याने.

६

दुखणं येतं हत्तीच्या पायाने आणि जातं मुंगीच्या पायाने म्हणतात. आईचं आलं तसंच गेलं, हत्तीच्याच पायाने. आठवडाभरात सूज उतरली. पाय ऊबदार झाले. एक दिवस कामावरून आले तर बाई ओट्याशी उभी राहून कणीक मळत होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून मला बाहेर बोलावलं आणि नुसत्या चष्मा पुसत राहिल्या. मी त्या दिवशी घरी येताना वाटेत एकटीच हसत होते. लोक बघत होते. बघू देत.

ठोकणं बंद झालं होतं. आईला जरा चुकल्यासारखं वाटायचं. मला नाही.

मग एका संध्याकाळी गाळा उघडला. अजून उजेड होता, पण खिडकी बंद, त्यामुळे आत तिन्हीसांज. मी खिडकीकडे निघाले आणि मला मेणाचा वास आला. दोऱ्याला लावतात त्या मेणाचा. तो ताजा असला की नाकात बसतो.

तिवईच्या बाजूला कोपरा अंधारा होता. मी तिकडे नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं हे मला विचारू नका. पाठीसारखं काहीतरी गोल, वाकलेलं. आणि तिथून बाजूला, उजेडाच्या पट्ट्यात, एक तळहात आला. वर तोंड केलेला. अंगठ्यावर दोऱ्याने पडलेली खाच.

कुणी बोललं नाही. पण ती रीत मला बोलण्याशिवाय कळते.

मी हलले नाही. हातही हलला नाही. आजोबांना घाई नसायची, माप घेताना तरी.

तेवढ्यात वरचं दार वाजलं आणि जिन्यावर पावलं आली. आई. किती महिन्यांनी ती जिना उतरत होती, आणि तशीच, झपाझप, वावटळीसारखी. "अगं, आलीस का? किती वेळ लावतेस!" हे तिचं वरूनच चालू झालं होतं.

तळहात जरासा वळला. जिन्याकडे.

आईची पावलं निम्म्यावर आली होती. मला विचार करायला वेळ नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, त्राणही नव्हतं. दिवसभर उभी होते. डावी चप्पल काढली आणि त्या तळहातावर पाय ठेवला.

हात कोरडा होता. खरखरीत, ओळखीचा. त्याने पायाचं वजन घेतलं. अंगठा माझ्या हाडावर येऊन टेकला, बरोबर दुखतं तिथे, आणि दुखायचं थांबलं.

"अंधारात एका पायावर काय उभी राहिलीयेस?" आई दारातून म्हणाली.

मी पाय खाली टेकला. कोपऱ्यात तिवई होती, नुसती.

"चपलेचा अंगठा तुटला," मी म्हणाले.

७

दुसऱ्या दिवशी माझे फर्मे पाटावर होते आणि दोन्हींवर कातडं चढलेलं होतं. आईच्या जोड्याचंच, मी सोलून फेकलेलं आणि घमेल्यात भिजत राहिलेलं. त्यांनी ते वाया घालवलं नव्हतं, माझ्या मापाचं कापून घेतलं होतं. मी चुका उपटल्या. परत ठोकल्या गेल्या, अधिक बारीक, अधिक जवळ. परत उपटल्या. शेवटी उपटायला चुकांची डोकीच उरली नाहीत.

तेव्हा मला फडक्याचं सुचलं. कातडं ओलं आहे तोवर जोडा उतरवता येत नाही. आजोबा अर्धवट वाळलेला जोडा मेले तरी उतरवणार नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी मी फडकं ओलं करते आणि जोडा पुसते, आतून बाहेरून, शिवणीत पाणी मुरेपर्यंत. तेच ते काम. दिवसा तो वाळतो, मी भिजवते. माझी इच्छा एवढीच की आईच्या आधी माझा नंबर लागू नये. मी गेले तर तिला कोण बघणार? मामा? तो तिला नळ लावून देईल.

आई ठणठणीत आहे. बाजारात जाते, शेजारणीशी भांडते, शंभरी गाठेल अशी लक्षणं आहेत. गाठू दे, मी मनापासून म्हणते. पण कातडं इतकं टिकत नाही. शिवणीत पांढरी बुरशी धरलीय. माझा डावा पाय घोट्यापर्यंत गार पडलाय, आता उजवाही. कापडाच्या दुकानात मी टाचणीने टोचून बघितलं. काही कळलं नाही.

आज गेले तर पाटावर जोडा नव्हता. खिडकीत होता, दुपारभर ऊन येतं त्या कोनाड्यात, फर्म्यावरच, पण कडक वाळलेला. मी धावत फडकं भिजवलं आणि दाबून लावलं. पाणी आत शिरेना. थेंब थेंब वरून ओघळून गेलं. मेण घासलेलं होतं त्याला, छान, आरशासारखं.

मी फडकं नळावर वाळत टाकलं. कुलूप लावलं. वर आले.

आई मटार सोलत बसली होती. माझ्यामागे दाराची कडी वाजली तशी तिने मान वर केली.

"कडी नको लावूस गं. बाबा दुपारी म्हणाले, तुझं काहीतरी झालंय तयार, द्यायला वर येतील."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"खालून हाक मारली. तुला माहीत आहे ना त्यांचं, ज्याचं त्याला पोचलं पाहिजे." ती परत शेंगा मोडायला लागली. "आणि जरा बस की आता. आल्यापासून उभीच आहेस."

मी कडी काढली. तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि पाय लांब केले. आईने सवयीने हात माझ्या पावलांवर ठेवला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"किती गार गं पाय तुझे," आई म्हणाली, आणि मटार बाजूला ठेवून ती ते चोळायला लागली. जिन्यात पाऊल वाजलं तरी ती चोळतच होती.